सर्किटमामा

बंद पडलेलं सर्किट घेऊन सर्किटमामांकडे जायचं असेल तर जेवून जावं. मामा त्याला लगेच हात लावत नाहीत. आधी चष्मा पुसतात, मग सर्किटाकडे न बघता तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, ‘काय करूलंय हे?’

‘काहीच करत नाही, मामा.’

‘काहीच करत न्हाई असं नसतंय. गरम होतंय काय? वास येतोय काय? करूलंच असणार की काहीतरी!’

निपाणीपासून बेळगावपर्यंत दर चार गल्ल्यांमागे असा एक मामा सापडतो. कोणी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला, कोणी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जन्मभर मेंटेनन्स बघितलेला, कोणी दिवसा तंबाखूच्या वखारीचा हिशेब लिहून रात्री रेडिओ उघडणारा. सल्ल्याचे पैसे तो घेत नाही. त्यामुळे त्याला ‘जरा लवकर बघा’ म्हणायचा अधिकार जगात कोणालाच उरत नाही.

या पिढीचं शिक्षण रेडिओवर झालं. धारवाड आकाशवाणी १९५० ची, सांगली १९६३ ची. घरी जुळवलेल्या सेटवर धारवाडच्या बातम्यांत सांगलीचं भावगीत घुसलं नाही, तर पोरगा पास. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ट्रान्झिस्टर तेव्हा जपून वापरायचे, सोल्डर करताना पाय चिमट्यात धरायचा, म्हणजे उष्णता आत जाण्याआधी चिमटाच ती पिऊन टाकतो. मामांनी जपलेला एसी १२८ अजून औषधाच्या बाटलीत कापसावर झोपलेला आहे. दाखवतात, हात लावू देत नाहीत. कपॅसिटरला ते आजही कंडेन्सर म्हणतात आणि तो उलटा जोडून फोडणाऱ्याला नुसत्या वासावरून ओळखतात.

आता सुट्या भागांचा सीमाप्रश्न. बेळगावहून मुंबई आणि बंगळूर, दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर आणि दोन्ही एकाच हायवेवर. गाडी वर न्यायची की खाली, एवढाच काय तो वाद. मामांच्या पिढीचा एक गट लॅमिंग्टन रोडचा, दुसरा बंगळूरच्या एस. पी. रोडचा. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, हा तंटा मात्र कुठल्याच आयोगापुढे गेलेला नाही. ‘एस. पी. रोडवरचा ५५५ वेळ चुकवतो’ असं एक मामा म्हणाले की दुसरे शांतपणे विचारतात, ‘पाचव्या पायाला कंडेन्सर दिलास काय?’ तेवढ्यावर दोघं महिनाभर बोलत नाहीत. ५५५ म्हणजे हान्स कामेनझिंड या स्विस माणसाने १९७१ साली आखलेला टायमर. मामा त्याचं नाव घराण्यातल्या बुजुर्गासारखं घेतात. निपाणीत मात्र त्यांनी एकदा भाच्याला ‘दोन ५५५ आण’ म्हणून पाठवलं, आणि तंबाखूच्या गावाला शोभेल असं, भाचा सिगारेटची दोन पाकिटं घेऊन आला.

मामांची उलटतपासणी हिशेबाची असते. शाळेतला पोरगा जळलेला एलईडी घेऊन येतो.

‘बॅटरी किती व्होल्टची?’

‘नऊ.’

‘लाल एलईडी किती खातो? दोन. उरले सात. ते सात कुठं घालवलास?’

पोराचा चेहरा वर्गणीत घोटाळा केल्यासारखा होतो. मग मामा सात व्होल्टना वीस मिलिअँपिअरने भागायला लावतात, साडेतीनशे ओहम येतात, बाजारात मिळतो ३९० चा, आणि हे सगळं पोरानेच करायचं. मामांच्या खिशात तो रेझिस्टन्स असतो, पण गणित झाल्याशिवाय बाहेर निघत नाही. मला हा माणूस आवडतो तो याच खवचटपणासाठी.

रेझिस्टन्सवरचे, त्याचा आकडा सांगणारे रंग त्यांच्या इतके अंगात भिनलेत की मामींनी त्यांना साडीच्या दुकानात न्यायचं सोडून दिलंय. शहापुरी साडी, पिवळं अंग, जांभळे चौकडे, लाल पदर. ‘कशी वाटते?’ मामींनी विचारलं. ‘चार पॉइंट सात के,’ मामा म्हणाले. मामींनी जरीचा काठ उलगडून दाखवला, तर म्हणाले, ‘पाच टक्के.’ मामी खूश झाल्या, त्यांना वाटलं दुकानदाराने सूट दिली.

एप्रिल-मे महिन्यात गिऱ्हाईक बदलतं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच आहे, त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरला मामांच्या कट्ट्यावर भावी इंजिनिअरांची रांग लागते. यांची अडचण वेगळी असते. ‘मामा, रिपोर्ट बाइंड झालाय, फोटो काढून झालेत, प्रोजेक्ट तेवढं चालत नाही.’ समोर एक गाडी, पांढऱ्या पट्ट्यावरून चालायची ती भिंतीवर जाते. मोटरला वेगळी बॅटरी, आर्डुइनोला वेगळी. मामा वायरींच्या त्या गुंत्याकडे बघतात आणि आयुष्यात हजारदा दिलेला सल्ला पुन्हा देतात: ‘ग्राउंड कॉमन कर.’

दोन बॅटऱ्यांचे मायनस एकमेकांना जोडलेले नसले की एकीचा सिग्नल दुसरीला कळतच नाही. एक पाच व्होल्ट म्हणते, दुसरी विचारते, कोणापासून पाच? एका पोराने यावरून सीमाभागाबद्दल काहीतरी मार्मिक बोलायचा प्रयत्न केला. मामांनी त्याला तोडलं, ‘भाषण नको. वायर जोड.’ गाडी पट्ट्यावर आली. दुसरा पोरगा म्हणाला, ‘माझं तर पहिल्याच स्विचला चाललं, मामा.’

‘मग अजून तपासलं न्हाईस,’ मामा म्हणाले, आणि त्याच्याकडे जरा दुःखानेच बघितलं. चाललेलं सर्किट हे त्यांच्या लेखी वाया गेलेलं सर्किट.

म्हणून गणपती हा त्यांचा खरा सण. मूर्ती बसायच्या आदल्या रात्री मंडळाचं काही ना काही बंद असतंच. अशाच एका मंडळाच्या पळत्या लाइटा बिघडल्या. ५५५ ठोके देणार, ४०१७ नंबरचा आयसी ते मोजून एकामागून एक दहा वाटा उघडणार, साधा मामला. पण लाइट तिसऱ्या दिव्यापर्यंत जायची, परत पहिल्यावर यायची, कधी पाचव्यापर्यंत जाऊन मागे फिरायची, मध्येच पहिल्यावर थबकायची. एका कार्यकर्त्याला तोच इफेक्ट आवडला होता. अध्यक्षांना नव्हता.

मामा आले. पत्र्याच्या डब्यातलं सर्किट बघितलं, चष्मा पुसला, डावा हात डब्यावर ठेवला आणि उजव्या हाताचं बोट आयसीच्या एका पायावर टेकवलं. लाइट पहिल्यापासून दहाव्यापर्यंत सरळ धावली. बोट काढलं, पुन्हा घोळ. बोट ठेवलं, सरळ.

‘गुण हाय मामांच्या हाताला!’ मांडवात एकच गलका झाला. कोणी हार आणायला धावलं. खजिनदाराने तर व्यवहारी तोड काढली: मामांना मखराशेजारी खुर्ची द्यायची, अनंत चतुर्दशीपर्यंत, जेवण मंडळाचं, रात्री पाळी बदलायला भाचा.

‘गुण कुठला?’ मामा खेकसले. ‘पंधरावा पाय हवेत हाय. रीसेटचा. डबा ग्राउंडला हाय, माझ्या अंगातनं तो खाली बांधला जातोय. बोट काढलं की आसपासच्या लाइटीची गुणगुण ऐकून बसतोय आणि मोजायचं सोडून परत एकपासनं सुरू करतोय.’ बोटभर वायर घेऊन त्यांनी पंधरावा पाय मायनसला जोडला. ड्राय सोल्डर राहू नये म्हणून फुंकर न घालता तो थंड होऊ दिला. फुंकर घालणाऱ्याला ते दारात उभं करत नाहीत.

लाइट पळाली. टाळ्या झाल्या, ताशेवाल्याने कारण नसताना एक तुकडा वाजवला, कुंद्याची ताटली फिरली. मामा तेवढे हलले नाहीत. वाकून डब्यात बघत होते.

‘हे सर्किट गेल्या वर्षीचंच न्हवं?’

‘व्हय, मामा.’

‘गेल्या वर्षी कोणी हात लावला होता काय ह्या पायाला?’

‘कोणी न्हाई. दहा दिवस झक्कास चाललं की.’

‘पाय तेव्हाही हवेतच होता,’ मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या रात्री पहिल्यांदाच तेज आलं.

अध्यक्षांना पुढचं कळून चुकलं. ‘मामा, आता चालतंय न्हवं? सकाळी प्रतिष्ठापना हाय. राहू दे की.’

‘चालतंय की. पण गेल्या वर्षी का चाललं ते सांग आधी,’ असं म्हणून मामांनी मेन स्विच बंद केला आणि पोरांना बॅटरीचा उजेड धरायला सांगितला.