अजून न आलेल्या बाळास अनावृत पत्र

चि. होऊ घातलेल्या बाळास,
मु. पो. अजून कुठेच नाही, ता. नांदगाव खंडेश्वर, जि. अमरावती.

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी आई यंदा अक्षय्य तृतीयेला लग्न होऊन सासरी आली. सध्या ती सोयाबीनच्या निंदणाला जाते, श्रावण सोमवार धरते आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाते. गावातल्या बाया विचारतात, "काही हाय काय वं?" अजून काही नाही. म्हणून सरकारदप्तरीही काही नाही.

तू वर्दी दे, मग बघ आमची धांदल. नोंदणी, कार्ड, इंजेक्शन, नऊ तारखेची तपासणी, मातृवंदना योजनेचे पाच हजार, तेही हप्त्याहप्त्यानं. सातव्या महिन्यात सासूसुद्धा विचारील, "काय खावंसं वाटते?"

अडचण एवढीच की तुझा मज्जारज्जू आमची कार्यपद्धती पाळत नाही. गर्भ राहिल्यावर साधारण २८ दिवसांत त्याची नळी मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. नव्या सुनेनं हे घरात सांगायलाच तेवढे जातात. ती नळी नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून पोटात जायला हवं. तरी आपण येण्यापूर्वी एक महिना लेखी अर्ज करावा, ही विनंती.

आमच्याकडे धोरण नाही असं मात्र समजू नकोस. २०१८च्या 'ॲनिमियामुक्त भारत'मध्ये गरोदर नसलेल्या २० ते ४९ वयाच्या बाईलाही आठवड्याला लोहाची एक लाल गोळी कागदावर लिहिलेली आहे. तीत फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम. तुझ्या रोजच्या गरजेला अपुरं, पण नसण्यापेक्षा बरं. आई शाळेत होती तेव्हा तिच्यासाठी निळी गोळी होती. शाळा सुटली, गोळी सुटली. आता पुढची गोळी तू आणशील तेव्हा. मधल्या वर्षांत तिचं रक्त कोणाच्या खात्यावर, ते विचारू नये. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षय असलेल्या बाया राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत ४८ टक्के होत्या, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ५४ झाल्या. प्रगती आहे.

आशाताईच्या वहीत आईचं नाव आहे बरं का. 'पात्र जोडपी' या यादीत. तू इतक्यात येऊ नयेस, याची साधनं हवीत का, ते विचारायला. त्याच दारात उभं राहून "मूल हवंय का? मग आधी हिमोग्लोबिन, साखर, सिकलसेल तपासू" एवढं विचारायचं, तर त्यासाठी कोणाचा वेळ आणि कोणाचा मोबदला, हे ठरायचं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि सिन्नर तालुक्यांत गर्भधारणेआधीच बायकांपर्यंत पोचण्याचा प्रयोग झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक तर १९९३पासून जवळच्या खेड्यांत आईचं पोषण आणि मुलाची तब्येत यांचा माग काढताहेत. म्हणजे माहिती नव्हती, ही सबब तुझ्यापुढे चालायची नाही.

तुला यायचंच असेल तर एक कर: आईला सांग, आधी तिनं स्वतःसाठी जेवावं. तुझ्यासाठी नको. तू आलाच नाहीस तरी तिचं रक्त तिलाच लागणार आहे.

आपला,
एक वऱ्हाडी हितचिंतक

ता.क. तुझ्या बापानं तंबाखूचा खर्रा सोडावा, हेही गर्भधारणापूर्व काळजीतच येतं. पण त्याचं नाव लिहायला कार्डावर फक्त 'पतीचे नाव' एवढीच जागा आहे.