पाच शतांश

नवी मुंबईतल्या उलव्यात अंतर किलोमीटरमध्ये सांगायची पद्धत नाही, मिनिटांत सांगतात. बिल्डरच्या फलकावर खारकोपर स्टेशन पाच मिनिटं, अटल सेतूही पाच मिनिटं, आणि विमानतळ तर तो बांधून व्हायच्या कितीतरी आधीपासून दहा मिनिटांवर. ही मिनिटं कोणी आणि रात्री किती वाजता मोजली, ते विचारायचं नसतं. आम्हीही त्यातच मुरलोय. अंगावर टॉवेल असताना फोनवर बेधडक सांगतो, ‘पोहोचलोच, पाच मिनिटांत!’

वेळेच्या बाबतीत इतकं उदार झालेल्या माणसाला ६ ऑगस्ट २०२२ची शर्यत जरा टोचते. बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, तीन हजार मीटर स्टीपलचेस. साडेसात फेऱ्या, अठ्ठावीस अडथळे आणि वर सात वेळा पाण्याची उडी. पावसाळ्यातल्या उलवेकराला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे फक्त पदक देत नाहीत.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्या दिवशी धावत होता. शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी सहा किलोमीटरवरची शाळा पायीच गाठायचा. पुढे महार रेजिमेंट, सियाचीन. मागच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानेच नेली होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात साबळेने केनियाच्याच अब्राहम किबिवोतला जवळजवळ गाठलंच. किबिवोत ८ मिनिटं ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंद. सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदांनी! तेवढ्या वेळात आमची पापणीसुद्धा धड मिटत नाही.

पण हरता हरता गड्याने राष्ट्रीय विक्रम मोडला. तोही स्वतःचाच. गोपाल सैनी यांचा १९८१चा विक्रम त्याने २०१८मध्ये भुवनेश्वरला मोडला, तेव्हापासून या शर्यतीत त्याला मोडायला दुसऱ्या कोणाचा राष्ट्रीय विक्रम उरलाच नव्हता.

आपल्या घरांत मात्र पहिला प्रश्न ठरलेला : ‘कितवा आला?’ या प्रश्नाने साबळेचा हिशेब पार बिघडतो. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तो पहिला आला, ८ मिनिटं १९.५० सेकंदांत. पुढच्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला, म्हणजे साडेनऊ सेकंदांहून जास्त लवकर, आणि आला सहावा! सुवर्णपदकाच्या दिवशीचा साबळे या सहाव्या नंबरच्या साबळेच्या बराच मागे राहिला असता.

हांगझोऊच्या सुवर्णाचा आनंद खराच. त्यात उणं काढायचं कारण नाही. पण आपल्या पुढे कितीजण गेले, हा ज्याच्या त्याच्या पायांचा पराक्रम. आपण कालच्यापेक्षा किती लवकर आलो, एवढाच हिशेब आपल्या हातातला. हे सगळं मान्य करूनही सहाव्या नंबरचे पेढे वाटायला निघालेला बाप मी अजून पाहिलेला नाही. कधी भेटलाच, तर मी दोन पेढे मागून घेईन.