ड्रोनमधून आंबा दिसत नाही

मोहोर धरला की कोकणातल्या बागायतदाराला हल्ली दोन फवारण्या कराव्या लागतात. एक झाडावर, एक वेबसाइटवर. पहिलीने तुडतुडे पळतात, दुसरीने गिऱ्हाईक.

थेट बागेतून घरपोच हापूस विकायचा म्हणून गावोगाव ऑनलाइन दुकानं उघडताहेत. चांगलंच आहे. दलालाला वगळायचं तर स्वतःचं दुकान हवंच. पण ते मांडायला बसलेल्या बैठकीत काय चालतं ते ऐका. पार्श्वभूमी आंब्याच्या केशरी रंगाची की समुद्राच्या निळ्या, यावर पहिला चहा. लोगोतला आंबा उभा की आडवा, यावर दुसरा. डिझायनरला ‘प्रीमियम फील’ हवा असतो. मालकांना लोगो अजून जरा मोठा हवा असतो. अमेरिकेतल्या पुतण्याला पहिल्याच पानावर ड्रोनने टिपलेली बाग हवी असते. तेवढ्यात मालकीणबाई विचारतात, “पण पेटीचा दर कुठे दिसणार?”

“ते नंतर बघू, काकू.”

संपलं. सजावट मालकासाठी असते, मांडणी गिऱ्हाइकासाठी. आणि बैठकीचं गिऱ्हाइकाला आमंत्रण नसतं.

मग साइट उघडते. म्हणजे उघडायला लागते. ड्रोनचा व्हिडिओ मोबाइलवर उतरेपर्यंत कुर्ल्याला लोकलमध्ये चढलेला माणूस घाटकोपरला पोचतो. बाग दिसते, समुद्र दिसतो, आजोबांचा धोतरातला फोटो दिसतो, ‘आमचा प्रवास’ सविस्तर दिसतो. आंबा दिसत नाही. खाली यावं तर पाच चित्रांची सरकती पट्टी. तीही प्रत्येक मालकाला हवीच असते, कारण बैठकीतल्या पाच जणांची पाच चित्रं त्यात बसतात आणि घरात भांडण होत नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या अशाच पट्टीची मोजणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पान पाहणाऱ्यांपैकी जेमतेम १ टक्का लोकांनी तिच्यावर क्लिक केलं होतं, आणि त्यातल्याही बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर. उरलेली चार चित्रं कौटुंबिक सलोख्याचा खर्च समजावीत.

अक्षरांची गोष्ट तर बोलूच नये. पिवळसर पानावर फिकट करड्या रंगात माहिती. का, तर ते ‘एलिगंट’ दिसतं. वाचता येईल असा मजकूर हवा तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ हवं, असं वेब सुलभतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आमच्याकडे ते गुणोत्तर चष्म्याच्या नंबरावर सोडलेलं असतं. वर दोन ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या मापाने ठेवलेलं. त्यामुळे ‘रत्नागिरी’ची वेलांटी वरच्या ओळीत घुसते आणि ‘सर्वोत्तम’चा रफार कापला जातो.

एवढ्यातून वाट काढत दर शोधावा, तोच पॉप-अप आदळतो. ईमेल द्या, दहा टक्के सूट घ्या. नको असेल तर खाली बारीक अक्षरात बटण: ‘नको, मला महाग आंबे आवडतात.’ हा शहाणपणा कुणाला सुचला असेल ते असो, गिऱ्हाइकाला टोमणा मारून विक्री वाढते हे शास्त्र सदाशिव पेठेलाही कळलं नव्हतं. कोपऱ्यात लाल पट्टी: ‘घाई करा! फक्त २ पेट्या शिल्लक.’ उद्या बघा, २. परवा बघा, २. आणि झाडावर अजून कैऱ्या लोंबताहेत.

या चलाखीला आता नावं आणि नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात असे १३ प्रकार आहेत. खोटी घाई आहे, ओशाळवून घेतलेला होकार आहे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं आहे, दर थेंबाथेंबाने सांगणंही आहे. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीच एकूण किंमत एका आकड्यात आणि तपशिलासह दाखवायला सांगितलं होतं. होकाराच्या चौकटीत आधीच टिचकी मारून ठेवायलाही तेव्हापासून बंदी आहे. तरी ९०० चा डझन शेवटच्या पानावर पॅकिंग, हाताळणी, कुरियर आणि ‘सुविधा शुल्क’ धरून १,३०० वर जातो. कुणाची सुविधा, हे पान सांगत नाही.

हा रोग काही फक्त आपल्याकडचा नाही. लंडनहून चालणारं ‘बू डॉट कॉम’ नावाचं कपड्यांचं दुकान १९९९ च्या नोव्हेंबरात थाटात उघडलं. कपडे सगळ्या बाजूंनी फिरवून बघायची सोय होती. ‘मिस बू’ नावाची ॲनिमेटेड विक्रेती सोबतीला होती. नव्हतं ते फक्त गिऱ्हाइकाच्या घरी तेवढं वेगवान इंटरनेट. लोक टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडलेले, आणि हे पान त्या काळाच्या मानाने पर्वताएवढं जड. १३ कोटी डॉलरच्या वर रक्कम उडवून २००० च्या मे महिन्यात दुकानाला टाळं लागलं. वर्षही पुरं नाही. ‘मिस बू’बाईंचे केस मात्र शेवटपर्यंत व्यवस्थित होते.

उलट गोष्ट जॅरेड स्पूल हे वेब-वापराचे अभ्यासक सांगतात. एका मोठ्या दुकानात पैसे भरण्याआधी खातं उघडायची सक्ती होती. ती काढली, ‘रजिस्टर’च्या जागी ‘पुढे चला’ असं बटण ठेवलं, खातं उघडणं ऐच्छिक केलं. पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची विक्री वाढली, असं स्पूल लिहितात. रंग बदलला नाही, लोगो वाढला नाही. गिऱ्हाइकाच्या वाटेतलं स्टूल तेवढं उचललं.

आमच्याकडे ते स्टूल पिनकोडच्या रूपात असतं. माणूस पेटी निवडतो, नाव लिहितो, पत्ता लिहितो, ओटीपी टाकतो. मग पान प्रेमाने सांगतं, ‘क्षमस्व, आम्ही आपल्या भागात सेवा देत नाही.’ नांदेडच्या माणसाला हे पहिल्याच पानावर सांगता आलं असतं. पण तिथे ड्रोन होता.

आता काकूंकडे वळू. हंगामात घरचा फोन त्याच घेतात. पलीकडून डोंबिवली विचारते, आणि काकू एका दमात सांगतात: “अडीचशे ग्रॅमच्या वरचं फळ आहे, पेटी पाच डझनी, दर हा, त्यात कुरियर आलं. आज भरली तर गुरुवारी तुमच्याकडे. निम्मी पिकलेली पाठवते, रविवारी रस करा. गवतातच ठेवा, फ्रिजात नको. साका निघाला तर फोटो धाडा, तेवढी फळं पुढच्या पेटीत भरून देते.” फोन बंद. पेटी विकली.

वजन, नग, पूर्ण दर, पोचण्याचा वार, कच्चा की तयार, ठेवायचं कसं, बिघडला तर काय. अख्खं पान तयार आहे, तेही याच क्रमाने. फक्त ते डिझायनरच्या लॅपटॉपवर नाही, काकूंच्या तोंडी आहे. त्यांचे दहा फोन ऐकून लिहून काढले असते तर तीन महिन्यांची ‘ब्रँड स्ट्रॅटेजी’ वाचली असती. आजोबा खाली ठेवा, त्यांची हरकत नसेल. ड्रोन पुतण्याच्या स्टेटसला शोभेल.

आणि बैठकीत कुणी ‘प्रीमियम फील’ म्हणालंच, तर त्याला म्हणावं, शनिवारी रात्री, पाच टक्के बॅटरीवर, एका अंगठ्याने स्वतःच्या पैशाने एक पेटी मागवून दाखव. नाही जमलं तर तुझं बिलही ‘नंतर बघू’.