दहा पूर्ण होऊ द्या!

तुळजापूरला पायी निघालेल्या मंडळींना एक विनंती. अपघात व्हायचेच असतील तर विखरून होऊ देऊ नका, सरकारची अडचण होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा निकष सांगतो, साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात, नाहीतर एकूण दहा मृत्यू झाले पाहिजेत. तेव्हा कुठे त्या जागेला 'ब्लॅक स्पॉट' हा मान मिळतो. एकाच जीपमधले नऊ जण गेले? वाईट झालं, पण अपघात एकच, आणि आकडाही एकाने कमी.

कोजागरीला मात्र चमत्कार होतो. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर, लाखो माणसं चालतात; कर्नाटकातूनही येतात. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, वाहतूक दुसरीकडे वळते आणि ट्रकच्या महामार्गावर 'आई राजा उदो उदो' करत माणसं मधोमध चालतात. म्हणजे चालणाऱ्याला चाकापासून लांब ठेवलं की तो वाचतो, हे प्रशासनाला पक्कं ठाऊक आहे. पौर्णिमा सरली की हे ज्ञान परत फायलीत.

मंगळवार, शुक्रवार आणि बाकीच्या पौर्णिमा वर्षभर येतच राहतात. भाविक अनवाणी. साइडपट्टीवरची खडी टोचते, म्हणून पाय आपोआप कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर येतो. तेवढाच काय तो गुळगुळीत. त्याच पट्ट्याला चाटून ट्रॅव्हल्स जाते. नवरात्रात पोरं ज्योत घेऊन रात्रीची धावतात. मागे टेम्पो, टेम्पोत डीजे, डीजेवर झगमग दिवे आणि फाळक्याला साधा रिफ्लेक्टर नाही. रिफ्लेक्टर वाजत नाही ना!

जगात 'आयरॅप' नावाची एक पद्धत आहे. ती मुडदे मोजत बसत नाही, आधीच रस्ता तपासते आणि त्याला एक ते पाच तारे देते. तेही गाडीवाल्याचे वेगळे, दुचाकीचे वेगळे, सायकलचे वेगळे, पायी चालणाऱ्याचे वेगळे. आपल्याकडे तारे हॉटेलांना.

नर-मादी धबधबे कोसळू लागले की हैदराबाद महामार्गावरून नळदुर्गच्या किल्ल्याकडे वळणाऱ्या गाड्यांची गर्दी होते. अपघात मोजण्याआधी त्या वळणावर तरी कुणी पावसाळ्याआधी रस्ता मोजायला टेप घेऊन उभं राहावं.

तुळजापूरच्या मंदिर विकास आराखड्याला १,८६५ कोटी मंजूर आहेत. त्यातून अनवाणी पायाला सोसेल अशी दोन मीटरची वाट आणि मध्ये एक कठडा मागून पाहा. महामार्गवाले म्हणतील, आराखडा मंदिराचा. मंदिरवाले म्हणतील, रस्ता महामार्गाचा. तोवर जानेवारी उजाडेल, रस्ता सुरक्षा अभियान येईल, टोलनाक्यावर ड्रायव्हरच्या हातात गुलाबाचं फूल पडेल. पायी चालणारा टोल भरत नाही, त्याला फूलही नाही.