मृद्गंधाचा घरगुती फवारा

घरगुती सुगंधी फवारा ही आधुनिक गृहव्यवस्थेतील अत्यावश्यक बाब आहे. त्यासाठी 100 मिलिलीटरची फवारणीची बाटली, उकळून गार केलेले पाणी आणि सुगंधी तेलाचे 15-20 थेंब लागतात. तेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्यात थोडे अल्कोहोल घालतात आणि तरीही दर वेळी बाटली खळखळून हलवतात.

वाळा, गवती चहा हे सुगंध सामान्यांसाठी. जाणकार मातीचे अत्तर वापरतात. कनौजचे कारागीर भाजलेली माती तांब्याच्या डेगीत पाण्यासह तापवतात आणि तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात.

वापराची रीत सोपी आहे. जूनमध्ये पहिली सर येताच सर्व खिडक्या घट्ट लावाव्यात, म्हणजे बाहेरचा मोफत आणि बेशिस्त वास आत शिरत नाही. नंतर पडद्यावर तीन फवारे मारावेत. वातावरणनिर्मितीसाठी मोबाइलवर पावसाचा आवाज लावावा. खऱ्या पावसाचा व्यत्यय येत असल्यास आवाज वाढवावा. अर्ध्या तासात सुगंध विरतो आणि दुपारच्या तळलेल्या बोंबलांचा वास पुन्हा जागा घेतो. तेव्हा कृती पहिल्यापासून करावी.

खिडकीची कडी आतल्या बाजूला असते.