पुरळ-व्यवस्थापन: पोहायला जाणाऱ्या बालकांच्या पालकांसाठी

मे महिना लागतो, सोसायटीच्या तलावावर पोहण्याची बॅच सुरू होते आणि आठवडा उलटायच्या आत चिरंजीवांच्या काखेत, गुडघ्यांमागे आणि कॉस्च्यूमच्या इलॅस्टिकखाली लालसर पुरळ उमटते. अशा वेळी पालकांनी प्रथम रीतसर घाबरून घ्यावे. शांत राहणारे पालक सोसायटीत बेफिकीर समजले जातात.

घरात आजोबा असल्यास ते लगेच सांगतील, "आम्हाला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. एक पुटकुळी आली नाही." यावर वाद घालू नये. त्या विहिरीत क्लोरीन नव्हते हे खरेच. बेडूक, शेवाळ आणि अधूनमधून एखादे विरोळे होते, पण ते आजोबांच्या आठवणीत पोहत नाहीत.

पुढची पायरी म्हणजे पुरळाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणे. फोटो किंचित धूसर असावा, म्हणजे आजार गंभीर दिसतो. दहा मिनिटांत दोन पक्ष पडतील. एक म्हणेल, "एवढा वास येतोय, म्हणजे क्लोरीन ओतलंय नुसतं!" दुसरा म्हणेल, "वास येतो, म्हणजेच पाणी स्वच्छ आहे." आपण कोणत्याही पक्षात सामील व्हावे, चूक दोघांचीही तेवढीच आहे. नीट राखलेल्या तलावाला वास जवळजवळ येतच नाही. क्लोरीनची गाठ घाम, लघवी आणि अंगाला चोपडलेल्या क्रीमशी पडली की क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. नाकात जाणारा, डोळे चुरचुरवणारा तो वास त्यांचा. कातडीलाही ती झोंबतात. त्यामुळे वास मारणाऱ्या तलावात बरेचदा क्लोरीन कमी करायचे नसते, वाढवायचे असते. हे वाक्य मात्र कार्यकारिणीच्या बैठकीत उच्चारू नये. पुढच्या वर्षीचे सेक्रेटरीपद गळ्यात पडते.

तलाव सांभाळणाऱ्या मामांकडे एक छोटी पेटी असते. तिच्या दोन नळ्यांत पाणी भरून थेंब टाकायचे, पिवळ्या रंगावरून क्लोरीन आणि लालसर रंगावरून पीएच ओळखायचा. क्लोरीन लिटरमागे साधारण 1 ते 3 मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.8 असला की मामा निर्दोष. आपल्या कातडीचा पीएच साडेपाचच्या आसपास, म्हणजे ती जरा आंबट स्वभावाची. तासभर अशा पाण्यात भिजली की वरचे तेल धुऊन जाते, ती कोरडी पडते आणि खाजते. याला सगळे ‘ॲलर्जी’ म्हणतात. क्लोरीनची खरी ॲलर्जी क्वचितच असते, बहुतेक वेळा ही नुसती जळजळ असते. ज्या मुलांना मुळात एक्झिमा आहे त्यांना जास्त. पण "जळजळ झालीय" म्हटल्याने शेजारणींच्या चेहऱ्यावर हवी तशी काळजी उमटत नाही, म्हणून ॲलर्जीच म्हणावे.

आता घरगुती उपचार. आजी बेसन-हळद घेऊन तयार असतील आणि त्या घासल्याशिवाय थांबत नाहीत. आत्या फोनवरून लिंबू सुचवतील. आत्यांचे रसायनशास्त्र अचूक आहे: क जीवनसत्त्व क्लोरीनला खरोखर निष्प्रभ करते. फक्त सोललेल्या कातडीवर लिंबू पिळल्यावर मूल जी आरोळी ठोकते, तिचा विचार त्या सिद्धान्तात नाही. सगळ्यात धोकादायक सल्ला कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचा. तो न विचारता स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कोंबलेली ट्यूब पुढे सरकवतो. पुरळ दोन दिवसांत पळते, म्हणून ट्यूब घरात मुक्कामाला राहते आणि महिन्याभराने कातडी पातळ झालेली दिसते. ती ट्यूब घेऊ नका. या एका वाक्यात विनोद नाही.

खरा उपाय इतका स्वस्त आहे की त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. उतरण्याआधी मिनिटभर शॉवर. अंगावरचा घाम तलावात जात नाही आणि आधीच भिजलेले केस तलावाचे पाणी कमी शोषतात. बाहेर आल्यावर पुन्हा साधे पाणी, सौम्य साबण, टॉवेलने खसाखसा न पुसता टिपणे आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर. कॉस्च्यूमही लगेच खळबळावा. पिशवीत कोंबून रविवारपर्यंत ठेवू नये. फार कोरड्या कातडीला पोहण्याआधी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला तरी चालतो. हात जाड झाला तर तो थर फिल्टरवर बसतो आणि मामा आपल्या कुळाचा उद्धार करतात.

तलावाकाठी ‘उतरण्यापूर्वी शॉवर घेणे बंधनकारक’ अशी पाटी असते. तिच्याखालच्या नळाला पालकांनी पिशव्या अडकवलेल्या असतात.

ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वासाला घरघर लागली, तर मार्गदर्शिका बाजूला फेकून थेट दवाखाना गाठावा. पू, फोड, ताप असेल किंवा दोन-तीन दिवस पोहणे थांबवूनही पुरळ हटत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. तपासताना त्यांनी "पाण्यात उतरण्याआधी आंघोळ करतो का?" असे विचारल्यास मुलाकडे पाहू नये. मुले दवाखान्यात खरे बोलतात.

एवढे करूनही दोषी शोधायचाच असेल, तर मुलाला एकटे गाठून आइस्क्रीमच्या बोलीवर हळूच विचारावे, "तलावात शू कोण करतं रे?" ते बिनदिक्कत नावे सांगेल. ती यादी ग्रुपवर टाकू नये. पहिले नाव अध्यक्षांच्या नातवाचे असते आणि दुसरे, आइस्क्रीम संपता संपता, ते स्वतःचे सांगते.