नावं ठेवायच्या आधी

"वैनी, ऐकलासा काय? कोपऱ्यावरच्या माडीत नवं बिऱ्हाड आलंय. बाई काय धड लक्षणाची दिसत न्हाई."

"ते ऱ्हाऊ द्या आक्का, हिकडं कुंपणाशी या. दोडक्याच्या वेलाची दशा बघा. पानांची नुसती चाळण!"

"तांबडे भुंगेरे हैत की. काकडी, भोपळा, दोडका, कायबी सोडत न्हाईत. पहाटे गारठ्यानं सुस्त असत्यात, तवाच येचायचे आणि वरनं चुलीतली राख मारायची. बरं, तुमचा भाचा आलाय न्हवं पुण्यास्नं? काल घाटाकडं बाटली घेऊन बेशरमीच्या झुडपात वाकला होता म्हणं. पोरगं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय की. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचा अभ्यास करालाय. जगात ३५ हजारांवर जाती नोंदल्यात, तरी अजून नव्या निघालेत."

"आणि नवी निघाली की ह्यो काय करतो?"

"नाव ठेवतो."

"मग ते तर आपण बी करतो की!"

"आपल्यागत न्हवं. आधी बघायचं, कुणी पयलंच नाव ठेवलंय काय. बेशरमीवर ते ठिपक्याठिपक्याचं, कासवागत किडं असतंय बघा. त्याला फाब्रिसियस नावाच्या अभ्यासकानं १७७५ सालीच नाव दिलंय, कासिडा मिलिआरिस. पुढं कळलं, हे त्या घराण्यातलं न्हवंच. मग अस्पिडिमॉर्फाच्या घरात घातलं. पण पयलं नाव देणारा म्हणून फाब्रिसियस त्या नावापुढं कंसात ऱ्हायला."

"म्हंजे घर बदललं तरी माहेरचं माणूस कंसात! आमच्या नशिबी तेवढं बी न्हाई. उंबरा वलांडला आणि अख्खं नावच बदललं. आणि दोघांनी एकाच किड्याला दोन नावं दिली तर?"

"जुनं ते खरं. म्हणून तर जुने ग्रंथ चाळत बसतो. समरेंद्र मौलिक नावाच्या बंगाली गृहस्थांनी ह्याच भुंगेऱ्यांवर १९१९, १९२६ आणि १९३६ साली तीन ग्रंथ लिहिलेत. अजून तेच उघडायला लागतात. शिवाय जुने मूळ नमुने कितीतरी लंडनला."

"एवढं कशाला? रंग बघून कळत न्हाई?"

"रंगावर जायचंच न्हाई. रताळ्याच्या पानावरचं सोनेरी किडं लहानपणी काड्यापेटीत घालायचो, आठवतंय? चार दिसांनी काय दिसायचं?"

"मेलेलं असायचं. आणि सोनं बी गेलेलं!"

"तेच. ती चमक अंगातल्या ओलाव्यावर असती. वाळलं की संपलं. म्हणून पोट उघडून नराचं अंग काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. जातीजातीत त्याचा आकार येगळा."

"शी बाई! आणि हे पोरीकडच्यांना सांगितला?"

"सांगितला की. पोरीच्या बापानं पोह्याची बशी खालीच ठेवली."

आक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "पण वैनी, एवढं करून मिळतं काय?"

"बांधावरचं काँग्रेस गवत म्हाईत हाय न्हवं? ते खाणारा मेक्सिकन भुंगेरा मुद्दाम आणून १९८४ साली बेंगळुरात सोडला. तो पण ह्यातलाच. बरा गवत खात होता. मग कुणाला सूर्यफुलावर दिसला आणि झाली बोंब, परदेशी किडा आणून पीक घालवलं! चौकशी बसली. तपासात निघालं, शेजारच्या काँग्रेसचे परागकण सूर्यफुलाच्या पानावर पडलेले, त्यापायी ह्यो तिथं चावलेला. चूक शेजारणीची, बोभाटा ह्याचा."

आक्का जरा गप्प झाल्या. वेलावरचा एक तांबडा उचलून तळहातावर धरला.

"ह्यो मातर खातोयच. डोळ्यांनी बघितलोय."

"ह्याचं काय म्हणणंच न्हाई. बरं, त्या माडीवरच्या बाईचं काय म्हणत होतासा? बोललासा तिच्यासंगं?"

"न्हाई."

"नाव काय तिचं?"

"विचारलो न्हाई." आक्कांनी भुंगेरा चपलेखाली घातला. "सांजच्याला जातो. चार दोडके द्या घेऊन जायला."

"उरले तर देतो."

"मग थांबा, राख आणतो आधी."